जुनी वही सुटेना, नवं सॉफ्टवेअर बसेना: मधल्या महिन्यांत माणसं कशी सांभाळायची

कारखान्यात ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकाच जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर) येणार म्हटलं की सगळं नियोजन दोन तारखांभोवती फिरतं: सॉफ्टवेअर सुरू व्हायची तारीख आणि कंत्राटातला शेवटचा हप्ता द्यायची तारीख. या दोन तारखांमध्ये तीन ते सहा महिने जातात. तेवढ्या काळात स्टोअरमध्ये वहीही भरायची असते आणि संगणकावर नोंदही करायची असते. कुणाला नक्की विचारायचं ते ठरलेलं नसतं आणि दोन आकडे जुळले नाहीत की बोलणी मात्र खालच्यालाच बसतात. माणसं याच काळात राजीनामा देतात, आजारी पडतात किंवा मनातून काम सोडून देतात.

विल्यम ब्रिजेस या अमेरिकन सल्लागारांनी बाहेरचा बदल आणि त्यामुळे माणसाच्या आत होणारी हालचाल या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. आतल्या हालचालीचे त्यांनी तीन टप्पे सांगितले: जुनं संपणं, मधलं अधांतर आणि नवी सुरुवात. बदल एका तारखेला होतो, अधांतर मात्र महिनोन्महिने चालतं. हा लेख त्या मधल्या टप्प्याबद्दल आहे.

उदाहरण म्हणून भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज किंवा गोकुळ शिरगावला असतो तसा एक कारखाना घेऊ. माणसं शंभर-सव्वाशे, काम मशीनिंगचं. स्टोअरचा कारभार वही आणि बिन कार्डावर (रॅकवरच्या मालाची आवक-जावक लिहायचं कार्ड), उत्पादनाचा एक्सेलवर, हिशेब टॅलीत. आता सगळं एका ईआरपीवर न्यायचंय. तुम्ही एचआरमध्ये नवे असा, विभागप्रमुख असा किंवा 'तूच बघ हे प्रोजेक्ट' म्हणून काम गळ्यात पडलेले असा, पुढचं तुमच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. या काळात माणसांचा उत्साह वाढवायच्या मागे लागू नका. पोस्टर, टी-शर्ट, 'बदल स्वीकारा' छापाची भाषणं यांचा उपयोग होत नाही, कारण अडचण उत्साहाची नसतेच. माणसाला एकाच वेळी दोन नियमावल्या पाळाव्या लागतात आणि जाब दोन्हींचा द्यावा लागतो. त्याला हवे असतात थोडे दिवस टिकणारे पण ठाम नियम, जवळच्या तारखा आणि चूक झाली तर नोकरीवर गदा येणार नाही याची खात्री.

सुरू होण्याआधी: तारीख, नोटीस आणि 'काय जाणार' याची यादी

तारीख निवडताना कॅलेंडर घेऊन बसा. मार्चअखेर आणि एप्रिलचा पहिला पंधरवडा सोडा, कारण हिशेब आणि प्रत्यक्ष साठा मोजणी दोन्ही तेव्हाच असतं. गणपती आणि दिवाळीच्या आठवड्यांत अर्धा कारखाना गावाला असतो, तेही टाळा. महिन्यातली तारीख ठरवताना जीएसटी लक्षात घ्या: मासिक विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) ची मुदत ११ तारीख, तर जीएसटीआर-३बी (कराचा एकत्रित हिशेब) ची २०. १ तारखेला सुरुवात करणं हिशेबाला सोयीचं, पण मग पहिल्या अकरा दिवसांत लेखा विभागाकडून दुसऱ्या कुठल्याही कामाची अपेक्षा धरू नका. त्यांच्या मदतीला एक माणूस आधीच नेमा.

कायद्याचा भाग थोडक्यात. फक्त सॉफ्टवेअर बदलत असेल तर सहसा नोटीस लागत नाही. पण त्याच निमित्ताने पाळ्यांच्या वेळा, श्रेणी, भत्ते किंवा माणसांची संख्या बदलणार असेल तर सेवाशर्तीतल्या बदलाची २१ दिवसांची नोटीस लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे कलम ९अ मध्ये होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ते कलम ४० मध्ये आहे. तुमच्या कामगार सल्लागाराला आधी विचारा आणि मान्यताप्राप्त युनियन असेल तर तिच्याशी नोटीसबोर्डाच्या आधी बोला. बोर्डावर वाचून कळलं की युनियनला विरोध करावाच लागतो, मग मुद्दा कितीही साधा असो.

यानंतरचं काम बहुतेक ठिकाणी राहूनच जातं. प्रत्येक विभागातल्या दोन-तीन माणसांबरोबर अर्धा तास बसा आणि लिहून काढा: या बदलात कुणाचं नक्की काय जाणार? प्रोजेक्टच्या फायलीत 'काय येणार' याची शंभर पानं असतात, 'काय जाणार' याचं एकही नसतं. स्टोअरकीपरची वही जाणार, आणि वहीबरोबर 'काकांना विचार, त्यांना माहीत' हा मान जाणार. सुपरवायझरचा संध्याकाळी आकडे थोडे इकडचे तिकडे करून बसवायचा हक्क जाणार (तो असायला हवा होता की नव्हता हा प्रश्न वेगळा, तो होता). डिस्पॅचच्या माणसाची गाडी थांबली की हाताने चलन फाडून मोकळं व्हायची मुभा जाणार. ही यादी तुमच्याकडे असली की पुढे माणूस कशावर चिडतोय ते चटकन कळतं. तो बहुतेक वेळा स्क्रीनवर चिडलेला नसतो.

तीन रकान्यांचा फळा

माहिती मिळाली नाही की कँटीनमध्ये ती तयार होते. 'कॉम्प्युटर आला की दहा जण कमी करणार' ही अफवा प्रत्येक कारखान्यात उठते. फक्त आकडा बदलतो.

गेटजवळ, हजेरीच्या यंत्राशेजारी एक पांढरा फळा लावा आणि त्यावर तीन रकाने आखा. पहिला 'ठरलं', दुसरा 'ठरायचंय' आणि तिसरा 'आपल्या हातात नाही'. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे एक नाव आणि एक तारीख लिहा. ती तारीख निर्णयाची नसली तरी चालेल. 'या दिवशी निदान कुठवर आलंय ते सांगू' अशी असली तरी पुरे. तारीख आली आणि निर्णय झाला नसेल तर त्या दिवशी फळ्यावर 'अजून ठरलं नाही, पुढची तारीख अमुक' असं लिहायलाच हवं. पहिली तारीख तुम्ही न बोलता चुकवलीत की फळ्याकडे कुणी बघत नाही, आणि मग तो पुन्हा जिवंत करणं फार अवघड.

'माणसं कमी होणार का' हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच फळ्यावर यायला हवा, तोही तुम्ही स्वतः लिहिलेला. उत्तर 'नाही' असेल तर मालकाच्या सहीचं पत्र तिथे लावा. उत्तर ठरलं नसेल तर तो प्रश्न दुसऱ्या रकान्यात टाका. 'काळजी करू नका' हे वाक्य मात्र कुणीही, कुठल्याही पदावरच्या माणसाने, वापरायचं नाही. ते ऐकलं की लोक काळजी करायला लागतात.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पाळी बदलायच्या वेळी पंधरा मिनिटांची उभ्याउभ्या बैठक घ्या. रात्रपाळी विसरू नका. तिची बैठक वेगळी, तीही सकाळी सहाला गेटवर थांबवून नव्हे, पाळी सुरू होताना. ठेकेदाराच्या माणसांनाही बोलवा. माल उतरवणं-चढवणं बरेचदा तेच करतात, टॅग तेच लावतात, आणि बातमी मात्र त्यांना सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात वाकडी होऊन मिळते.

तात्पुरते नियम: एक पान, मोठ्या अक्षरात

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे.

असा प्रसंग घ्या. दुपारचे साडेतीन, गेटवर टेंपो. चलनावर लिहिलंय 'बेअरिंग ६२०५'. स्टोअरमधला मुलगा संगणकावर शोधतो तर याच नावाचे तीन कोड निघतात, कारण आयटम मास्टर (संगणकातली सगळ्या मालाची कोडवार यादी) भरताना एकाने '६२०५', दुसऱ्याने '६२०५ झेडझेड' आणि तिसऱ्याने 'बेअरिंग एसकेएफ ६२०५' असं टाकलंय. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, असेंब्लीवरून फोन येतो, 'माल आला ना? मग पाठव की.' मुलगा अंदाजाने एक कोड निवडतो. पंधरा दिवसांनी एका कोडवर साठा ऋण दाखवतो, दुसऱ्यावर माल पडून दिसतो आणि खरेदी विभाग आणखी पन्नास बेअरिंगची ऑर्डर देऊन मोकळा होतो.

मुलगा चुकला असं म्हणायला जागा नाही. अडल्यावर काय करायचं ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तात्पुरते नियम यासाठीच असतात. नमुना असा:

आवक माल: दहा मिनिटांत बरोबर कोड सापडला नाही तर माल उतरवून घ्या, तांबडा टॅग लावा, आखलेल्या पिवळ्या चौकटीत ठेवा आणि 'अडलेल्या नोंदी' वहीत चलन क्रमांक लिहा. गाडी सोडा. संध्याकाळी पाचला आयटम मास्टर सांभाळणारा माणूस वही घेऊन सगळे कोड लावेल. तांबड्या टॅगचा माल असेंब्लीला तातडीने हवा असेल तर फक्त उत्पादनप्रमुखाच्या सहीने जाईल.

माल काढणं: सळई आणि पट्टी यांची नोंद किलोतच, नगात नाही. हा नियम किरकोळ वाटतो, पण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. २५ मिलिमीटरची गोल सळई मीटरला साधारण ३.८५ किलो भरते, म्हणजे सहा मीटरची एक सळई २३ किलोच्या आसपास. चार सळया काढल्या आणि रकान्यात '४' टाकलं तर संगणकाच्या हिशेबी चारच किलो गेलं, आणि जवळजवळ ८८ किलो पोलाद कागदावर शिल्लक राहिलं. एका पाळीत अशा पाच नोंदी झाल्या तर महिनाअखेरीला साठा जुळायची आशाच नको. काट्याशेजारी व्यासानुसार मीटरचं आणि सहा मीटरच्या सळईचं वजन दाखवणारा तक्ता चिकटवा. तक्ता लावायला दहा मिनिटं लागतात, साठा जुळवायला तीन रविवार.

डिस्पॅच: बीजक निघत नसेल तर गाडी थांबेल, हाताने बीजक फाडायचं नाही. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेल्या कंपन्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बीजक) सक्तीचं आहे, त्यामुळे ही वाट तशीही बंदच. पण थांबलेल्या गाडीची खबर किती वेळात कुणाला द्यायची ते लिहा: वीस मिनिटांनी लेखा विभागातल्या अमुक माणसाला, चाळीस मिनिटांनी विभागप्रमुखाला. ग्राहकाला फोन करायचा तो विभागप्रमुखाने. ट्रकजवळ उभ्या असलेल्या कारकुनाने करायचा नाही.

अशा आठ-दहा ओळी पुरतात. पानाच्या डोक्यावर 'हे नियम अमुक तारखेपर्यंत' असं लिहा आणि दर पंधरा दिवसांनी पान बदला. जुनं पान काढल्याशिवाय नवं लावू नका. भिंतीवर दोन पानं दिसली की लोक आपल्याला सोयीचं असेल ते पाळतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

दुप्पट कामाचं गणित

काही काळ जुनी आणि नवी पद्धत बरोबरीने चालवावी लागते. त्याचा भार किती पडतो ते अंदाजाने ठरवू नका, मोजा. स्टोअरकीपर दिवसाला ४० नोंदी करतो असं धरा. वहीत एका नोंदीला २ मिनिटं, म्हणजे ८० मिनिटं. नव्या पडद्यावर सुरुवातीला एका नोंदीला ५ मिनिटं, म्हणजे २०० मिनिटं. दोन्ही मिळून ४ तास ४० मिनिटं नुसतं लिहिण्यात जातात. आठ तासांच्या पाळीत माल मोजायचा, लावायचा, द्यायचा कधी? मग तो नोंदी साठवून संध्याकाळी एकदम करतो, आठवणीने करतो आणि चुकतो.

याला तीन उपाय आहेत. एक, जादा माणूस, निदान सहा आठवडे, दिवसाचे चार तास. दोन, बरोबरीने चालवायची मुदत लहान: एक पूर्ण महिनाअखेर दोन्हीवर जुळली की जुनं बंद. फार तर दोन महिनाअखेरी, तिसरी कधीच नाही. तीन, सगळं दोन्हीकडे नोंदवू नका. किमतीने महाग आणि रोज हलणारा माल दोन्हीकडे, नट-बोल्ट-वॉशर फक्त नव्यात. जादा वेळ थांबवलंत तर मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो, हे कारखाने कायद्यातही होतं आणि नव्या कामगार संहितांतही आहे. 'जरा थांबून नोंदी उरकून जा' हे फुकटात सांगू नका. महिनाभराने हजेरीपत्रकात खाडे वाढलेले दिसतील.

प्रशिक्षणाची वेळही इथेच चुकते. सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस मोकळा असतो म्हणून सुरू व्हायच्या दीड महिना आधी दोन दिवसांचा वर्ग होतो, वातानुकूलित खोलीत, 'एबीसी कंपनी' आणि 'आयटम वन' घेऊन. प्रत्यक्ष दिवस उजाडतो तेव्हा कुणाला काही आठवत नाही. सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात रोज पाऊण तास, स्टोअरमधल्याच संगणकावर, कालच्याच चलनांवर सराव घ्या. संगणकावर मराठी दिसत नसेल तर पडद्याचं चित्र छापून त्यावर बाण काढून मराठीत लिहा. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला सगळ्यांसमोर शिकवू नका. त्याच्याबरोबर दुपारी चारला एकटं बसा.

पैसा आणि मेमो

पहिल्या आठवड्यातच दोन कागद निघायला हवेत.

पहिला इन्सेंटिव्हचा. उत्पादनाची मोजणी नव्या पद्धतीवर गेली की पहिले दोन महिने आकडे चुकतातच: जॉब कार्ड (एकेका कामाची नोंद) बंद करायचं राहतं, पाळी चुकीची पडते, रिजेक्शन (बाद माल) दोनदा मोजलं जातं. ऑपरेटरच्या पाकिटात चारशे रुपये कमी आले की तुम्ही महिनाभर कमावलेला विश्वास एका संध्याकाळी जातो. म्हणून लिहून द्या: दोन महिने इन्सेंटिव्ह मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीने मिळेल, प्रत्यक्ष मोजणी जास्त आली तर जास्तीचा. याला थोडा खर्च येतो. तो प्रोजेक्टच्या अंदाजपत्रकात आधीच धरा, नंतर मागितला तर मिळत नाही.

दुसरा चुकांचा. पहिले ३० किंवा ४५ दिवस नोंदीतल्या चुकीबद्दल मेमो नाही, तोंडी दमही नाही. अट एकच: चूक कळली की त्याच दिवशी सांगायची. लपवलेली चूक, सुरक्षेचा नियम मोडणं किंवा दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं यांना ही सवलत नाही. सवलतीची मुदत कागदावर लिहा आणि पाळा. विसाव्या दिवशी एखाद्या विभागप्रमुखाने चिडून मेमो काढला तर तो मागे घ्यायला लावा, तेही सगळ्यांना कळेल असं. वार्षिक मूल्यमापन या महिन्यांत येत असेल तर पुढे ढकला.

काका आणि पोरगा

अधांतराच्या काळात दोन प्रकारची माणसं मोडतात, दोन वेगळ्या कारणांनी.

पहिला म्हणजे पंचवीस वर्षांचा जुना स्टोअरकीपर. कुठल्या रॅकवर काय आहे ते त्याला तोंडपाठ असतं आणि नेमकं तेच आता पडद्यावर कुणालाही दिसणार असतं. त्याला 'काका, तुम्हीपण शिका, सोपं आहे' म्हणू नका. त्याच्याकडे असं काम द्या जे त्याच्याशिवाय होणार नाही: आयटम मास्टरची तपासणी. छापील यादी, लाल पेन आणि पंधरा दिवस द्या. एकाच मालाचे तीन कोड, दहा वर्षांपूर्वी बंद झालेले सुटे भाग, चुकीची एककं हे सगळं तोच पकडतो. यादीच्या शेवटच्या पानावर त्याची सही घ्या. यापुढे नवा कोड उघडायचा तर त्याच्या मंजुरीनेच, असा नियम करा. मान नव्या जागी हलवायचा असतो, तो असा हलतो. त्याच्या खिशातली छोटी डायरी जप्त करायच्या फंदात पडू नका. त्यात काय लिहिलंय ते विचारा, नव्या पद्धतीत काय राहून गेलंय ते त्यातूनच कळतं.

दुसरा म्हणजे संगणक चटकन जमलेला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. तीन आठवड्यांत सगळा कारखाना त्याच्याकडे धाव घेतो. नोंदी तोच करतो, चुका तोच निस्तरतो आणि सगळ्यांचे पासवर्ड त्यालाच माहीत असतात. दिवाळीच्या सुट्टीवर तो चार दिवस गेला की डिस्पॅच बंद. आणि तीन-चार महिन्यांनी, आता मला ईआरपी येतं म्हणून, शेजारच्या कंपनीत तो दोन-चार हजार जास्तीवर जातो. उपाय असा की त्याने दुसऱ्याच्या जागी बसून नोंद करायचीच नाही, शेजारी उभं राहून सांगायचं. दिवसातले दोन तास मदतीचे, बाकी वेळ त्याचं स्वतःचं काम. आणि या जास्तीच्या कामाचा भत्ता पहिल्या महिन्यापासून द्या, सोडून जातो म्हणाल्यावर नव्हे.

सुपरवायझरला आधी सांगा

कामगार प्रश्न सुपरवायझरला विचारतात, एचआरला नाही. 'साहेब, हे जॉब कार्ड उद्यापासून कुणी भरायचं?' याला त्याने 'मलाही तेवढंच माहीतंय' म्हटलं की तो दोन्हीकडून हलका पडतो, आणि मग तोच बदलाच्या विरोधात बोलायला लागतो. प्रत्येक बातमी सुपरवायझरांना निदान एक दिवस आधी द्या, आणि त्याबरोबर हमखास येणारे चार प्रश्न व त्यांची उत्तरं लिहून द्या. उत्तर नसेल तिथे काय म्हणायचं तेही ठरवून द्या: 'हे अजून ठरलं नाही, शुक्रवारी फळ्यावर येईल.' ठरलेलं वाक्य हाताशी असलं की माणूस खोटं बोलत नाही.

दर आठवड्याला बघायचे आकडे

अस्वस्थता आकड्यांत आधी दिसते, तोंडातून उशिरा येते. खाडे आणि अचानक घेतलेल्या रजा, रिजेक्शनचं प्रमाण, थोडक्यात टळलेले अपघात, 'अडलेल्या नोंदी' वहीतल्या ओळी, संध्याकाळी पाचनंतर झालेल्या नोंदींचा वाटा. एवढे पाच आकडे एका कागदावर, मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीशेजारी लिहा. शेवटचा आकडा फार बोलका असतो. निम्म्या नोंदी पाचनंतर होत असतील तर माणसं दिवसभर जुन्या पद्धतीनेच काम करताहेत आणि संगणकाला संध्याकाळी नैवेद्य दाखवताहेत.

'अडलेल्या नोंदी' वहीतल्या ओळी पहिल्या दोन आठवड्यांत वाढायलाच हव्यात. त्या वाढल्या नाहीत तर आनंदून जाऊ नका, लोक अंदाजाने कोड टाकताहेत असं समजा. चौथ्या आठवड्यापासून त्या कमी व्हायला हव्यात. झाल्या नाहीत तर अडचण माणसांत नसून आयटम मास्टरमध्ये किंवा संगणकांच्या संख्येत आहे. एका संगणकावर तीन माणसं रांगेत उभी असणं फार नेहमीचं, आणि फार उशिरा लक्षात येणारं.

आठवड्याच्या बैठकीत एक प्रश्न ठेवा: 'या आठवड्यात कुठली जुनी रीत उगाच चालू आहे असं वाटलं?' सगळंच हललेलं असतं तेव्हा लोक एरवी बोलले नसते ते बोलतात. तीन प्रतींतला गेट पास कशाला, दोन सह्या कशाला, एकाच मापाचे स्क्रू दोन रॅकवर कशाला. सुचवलेल्यातलं निदान एक त्याच आठवड्यात करून टाका, खर्च नसलेलं निवडून. नाहीतर पुढच्या बैठकीत सगळे घड्याळाकडे बघत उभे राहतील.

जुनी वही बंद करणं

याची तारीख आधी जाहीर करा आणि ती हलवू नका. सगळ्यात जास्त नुकसान 'बघू, अजून महिनाभर राहू दे' याने होतं, कारण जुनी वही चालू आहे तोवर कुणीही नवीवर विसंबत नाही. त्या दिवशी प्रत्यक्ष साठा मोजा, निदान महाग मालाचा. शेवटच्या नोंदीखाली दोन रेघा मारून तारीख घाला, स्टोअरकीपर आणि लेखा विभागाच्या सह्या घ्या. वह्या रद्दीत घालू नका. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं आठ वर्षं जपावी लागतात, आणि जीएसटीचे अभिलेख त्या वर्षीच्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने. कुलपाच्या कपाटात ठेवा, किल्ली लेखा विभागाकडे. कोऱ्या वह्याही स्टोअरमधून उचला, नाहीतर सोमवारी नवी वही सुरू झालेली दिसेल.

तरी कुठेतरी लपवलेली एक्सेल फाइल निघतेच. ती सापडली की आधी विचारा, 'यात असं काय दिसतं जे तिकडे दिसत नाही?' बहुतेक वेळा एखादा साधा अहवाल हवा असतो: उद्या कुठल्या मशीनला कुठला माल लागणार, एका पानावर. तो अहवाल सॉफ्टवेअरवाल्यांकडून बनवून घ्या, फाइल आपोआप बंद पडते. हुकमाने बंद केलेली फाइल पेन ड्राइव्हवर जाते.

मधला काळ संपला हे ठरवायला तीन खुणा पुरतात. लागोपाठ दोन महिनाअखेरी जुन्या वहीकडे न बघता बंद झाल्या. महाग मालाच्या मोजणीत प्रत्यक्ष आणि संगणकातला फरक एक टक्क्याच्या आत आला. आणि नव्याने लागलेल्या माणसाला 'पूर्वी आम्ही असं करायचो' हे न सांगता काम शिकवता आलं. यातली एक जरी खूण दिसली नसेल तर प्रोजेक्ट संपल्याची सही सॉफ्टवेअर कंपनीला देऊ नका, आणि शेवटचा हप्ता तोवर हातात ठेवा. हे कलम करारात सुरुवातीलाच घालावं लागतं.